नाशिकच्या वाइनरी कुटुंबासह कशा पाहाव्यात?



आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांतली मुले आता परदेशात नोकरीला आहेत. आई-वडील त्यांच्याकडे जातात, दोन-तीन महिने राहतात आणि त्यात एखादी इटलीची सहल होते. परत आल्यावर फोटो दाखवले जातात. रोम, नेपल्स, पाँपेई आणि मग हमखास एक फोटो द्राक्षमळ्यातला. मागे डोंगर, पुढे वेलींच्या रांगा, लाकडी पिंपांशेजारी उभी असलेली सूनबाई आणि नातवंडे. सगळे कौतुकाने बघतात. पण त्याच घरात कोणी म्हटले, "त्र्यंबकेश्वरला चाललोच आहोत, तर वाटेत एखादी वाइनरी बघू," की बैठकीत शांतता पसरते. आजी म्हणतात, "देवाला निघालोय ना?" आणि विषय तिथेच संपतो.

हा लेख त्या शांततेविषयी आहे. वाइन प्यावी की नाही, हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न. वाइनरी म्हणजे नेमके काय, तिथे न पिणाऱ्यालाही पाहण्यासारखे काय असते, तिच्यावर कोणाचे पोट चालते आणि आपण उज्जैनकरांनी जाताना कोणते नियम पाळायचे, हे मात्र नीट समजून घ्यायला हरकत नसावी. मी आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली पाहिल्या. त्यामुळे माझी नजर साहजिकच ग्लासपेक्षा हिशोबाकडे जाते. तेवढे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

इटलीची वाइन आणि आपले उज्जैन

ही ओळख आजची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची एक माहितीपुस्तिका लिहिली. ती 'पेरिप्लस' या नावाने ओळखली जाते. तिच्यात बारिगाझा, म्हणजे आजचे भडोच, या बंदराचे वर्णन आहे आणि त्याच्या आतल्या भागात असलेल्या 'ओझेने' या नगराचेही आहे. ओझेने म्हणजे आपली उज्जयिनी. इथून अकीकासारखे मौल्यवान खडे आणि निरनिराळ्या प्रकारचे सुती कापड भडोचला जाई, असे तिच्यात नोंदले आहे. भडोच बंदरात बाहेरून येणाऱ्या मालाची यादीही आहे. त्या यादीत वाइन आहे, आणि तीत मुख्यतः इटलीची.

ती वाइन मातीच्या उंच, दोन कानांच्या रांजणांतून येत असे. नेपल्सच्या आखाताजवळ बनलेल्या अशा रांजणांचे तुकडे पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथे सापडले आहेत. त्याच शतकात, इ.स. ७९ मध्ये, व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई गाडले गेले. तिथे उत्खनन करताना जमिनीत वेलींच्या मुळांच्या पोकळ्या मिळाल्या आणि शहराच्या तटबंदीच्या आत द्राक्षमळे होते हे सिद्ध झाले. १९९६ पासून तिथे पुन्हा वेली लावण्याचा प्रकल्पही झाला.

सांगायचा मुद्दा असा की दक्षिण इटलीची वाइन जहाजात चढत होती तेव्हा त्या व्यापाराच्या दुसऱ्या टोकाला आपले गाव होते. रामघाटावर बसून द्राक्षमळ्याचा विषय काढणे अगदीच विजोड नाही. शिवाय भैरवगडच्या कालभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. आणि घरातल्या औषधांच्या फळीवर द्राक्षासवाची बाटली कोणाकडे नव्हती? त्यातही द्राक्षाचा रस धायटीची फुले वगैरे घालून आंबवलेला असतो आणि त्या आंबण्यातून अल्कोहोल आपोआप तयार होते. म्हणून द्राक्षासव आणि वाइन एकच, असे मी म्हणत नाही. एक मात्रेने घ्यायचे औषध आहे, दुसरे पेय. पण क्रिया ओळखीची आहे, एवढेच.

तिकडे लोक कशासाठी जातात?

दक्षिण इटलीत पुलिया नावाचा प्रांत आहे. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, त्याची टाच म्हणजे पुलिया. ऑलिव्ह आणि द्राक्षे ही तिथली मुख्य पिके. कित्येक दशके तिथल्या वाइनला स्वतःचे नाव नव्हते. ती टँकरमधून उत्तरेकडे जाई आणि तिकडच्या फिक्या वाइनमध्ये रंग व जोर आणण्यासाठी मिसळली जाई. माल शेतकऱ्याचा, नाव दुसऱ्याचे आणि भावही दुसऱ्याने ठरवलेला. पुढे युरोपात वाइन गरजेपेक्षा जास्त होऊ लागली. तेव्हा वेली उपटणाऱ्यांना अनुदान देण्यात आले आणि पुलियातल्या पुष्कळ जुन्या बागा त्यात गेल्या.

यातून सावरण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला सहकाराचा. मांदुरिया या गावी द्राक्ष उत्पादकांची १९३२ सालची सहकारी संस्था आहे. सभासद द्राक्षे आणून देतात, वाइन संस्था बनवते. आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखाच हा प्रकार. तिथे एक संग्रहालयही आहे. जुनी शेतीची अवजारे, मातीच्या टाक्या, शेतकऱ्याच्या घरातल्या वस्तू असे सगळे त्यात मांडले आहे. दुसरा मार्ग पर्यटनाचा. शेतकऱ्याने आपल्या घरी पाहुणे ठेवावेत, त्यांना शेतातलेच जेवण द्यावे, यासाठी इटलीने १९८५ मध्ये कायदा केला. १९९३ पासून दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस देशभरातल्या वाइनरी सर्वांसाठी दारे उघडतात. त्या दिवशी मुले-बाळे, म्हातारी माणसे सगळी येतात. मळा पाहतात, जेवतात, घरी जातात.

म्हणजे तिकडची वाइनरी-भेट ही शेतीभेटच आहे. ग्राहक थेट बागेपर्यंत आला की शेतकऱ्याच्या मालाला नाव मिळते, हा त्यामागचा विचार. नाशिककडेही त्याच नजरेने पाहता येते.

नाशिकला हे कसे उभे राहिले?

महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात नाशिकला नव्हे, पुणे जिल्ह्यात नारायणगावला झाली. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे इंडाज हा उद्योग उभा केला आणि फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन बनवून ती परदेशी पाठवली. पुढे हा उद्योग कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडला, पण वाट त्याने दाखवली.

नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर १९९७ मध्ये वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचे नाव 'सुला' ठेवले. २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली आणि २००५ मध्ये पाहुण्यांसाठी चव घेण्याचे दालन सुरू झाले. आजूबाजूला यॉर्क, सोमा अशा वाइनरी आल्या. इगतपुरीकडे व्हॅलोन, दिंडोरीत फ्रेंच मालकीची शाँदों, अशी यादी वाढत गेली. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून करांत सवलती दिल्या. निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये सुलाचे समभाग शेअर बाजारात आले. देण्याचा भाव ३५७ रुपये होता. आपल्यापैकी काहींनी अर्ज केला असेल, म्हणून एक गोष्ट सांगतो. तो संपूर्ण इश्यू जुन्या भागधारकांनी आपले समभाग विकण्याचा होता. त्यातून आलेला पैसा कंपनीच्या तिजोरीत गेला नाही. अशी माहिती प्रॉस्पेक्टसच्या सुरुवातीलाच छापलेली असते, आणि ती वाचायची सवय चांगली.

बागेत काय पाहावे?

वाइनरीत गेल्यावर बहुतेक जण सरळ दालनाकडे वळतात. माझा आग्रह आधी बागेत जाण्याचा आहे.

आपण बाजारात घेतो ती द्राक्षे थॉमसन सीडलेस किंवा तिच्यातून निघालेल्या सोनाका, माणिक चमन यांसारख्या जातींची. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. वाइनची द्राक्षे याच्या उलट. मणी लहान, साल जाड, आत बिया आणि गोडी जास्त. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतूनच येतो. खाण्याची द्राक्षे बहुधा मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर वाढवतात, वाइनची वेल तारांवर सरळ उभी बांधलेली दिसते. खाण्याच्या द्राक्षात वजन हवे असते. वाइनच्या वेलीवर माल मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे मण्यात चव उतरते.

वेल खालून निरखून पाहा. जमिनीलगत खोडावर एक गाठ दिसेल. ती कलमाची खूण. मूळ एका जातीचे, वरची वेल दुसऱ्या जातीची. आपल्याकडे पाण्याचा ताण आणि क्षार सोसणारे डॉगरिज नावाचे मूळ बहुतेक बागांत वापरतात. युरोपात एकोणिसाव्या शतकात मुळे खाणाऱ्या एका किडीने बागाच्या बागा संपवल्या, तेव्हापासून तिकडेही कलम आले.

आता सर्वांत महत्त्वाचा फरक. इटलीत वेल थंडीत झोपते. वर्षातून एकदा छाटणी होते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तोडणी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असले तरी तिथे वेल झोपावी इतकी थंडी नसते. म्हणून वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यामुळे नवी काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, जिच्यावर घड येतात. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. इटलीच्या बरोबर उलट मोसम.

याचा आपल्याला उपयोग असा. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि आपला २०२८ मध्ये. सिंहस्थाच्या निमित्ताने पावसाळ्यात नाशिकला जाल, तर बागेत हिरवीगार पाने दिसतील, द्राक्षाचा एक मणी दिसणार नाही. घड, तोडणी, रस काढण्याची यंत्रे चालू स्थितीत पाहायची असतील तर जानेवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात हाच काळ निवडावा.

आणखी एक गंमत. पुलियातले प्रसिद्ध द्राक्ष म्हणजे प्रिमितिवो. लवकर पिकणारे, म्हणून हे नाव. कॅलिफोर्नियात झिनफँडेल नावाची जात होती आणि अमेरिकन लोक तिला आपलीच समजत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला, तेव्हा प्रिमितिवो आणि झिनफँडेल एकच निघाल्या, आणि मूळ एड्रियाटिक समुद्रापलीकडच्या क्रोएशियात सापडले. हेच झिनफँडेल सुलाने नाशिकला लावले. तेव्हा इटलीतल्या फोटोत सूनबाईंच्या मागे जी वेल आहे, तिची सख्खी बहीण गोदावरीकाठी भेटू शकते.

आत काय पाहावे?

आतली क्रिया शाळेतल्या मुलालाही समजेल अशी आहे. द्राक्षरसात साखर असते. यीस्ट ती खाते, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनतो. झाली वाइन. साखर मोजण्याचे माप म्हणजे ब्रिक्स. २२ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे २२ ग्रॅम साखर. एका लिटरमध्ये साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते. म्हणजे २२ ब्रिक्सच्या रसातून १३ टक्क्यांच्या आसपास. नातवंडांना हे गणित तिथेच करायला सांगा, त्यांना मजा वाटेल.

पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून रस वेगळा करतात, मग तो स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून आंबवतात. लाल वाइनसाठी साल-बियांसकट आंबवतात आणि नंतर दाबतात. टाकीभोवती थंड पाणी फिरवण्याची सोय दिसेल. आंबताना रस तापतो. तो ताप आवरला नाही तर चव बिघडते. विजेच्या बिलाचा मोठा भाग इथे जातो. मग लाकडी पिंपे. ओक लाकडाच्या एका ठराविक पिंपात २२५ लिटर मावते, म्हणजे ३०० बाटल्या. फसफसणाऱ्या वाइनच्या उत्तम प्रकारात बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, म्हणून ती बाटली जाड काचेची आणि बूच तारेने बांधलेले असते.

बाटलीचा हिशोब

आता माझा विषय. एक टन द्राक्षांपासून साधारण ६५० लिटर वाइन होते, म्हणजे साडेआठशेच्या वर बाटल्या. एका बाटलीला सव्वा किलोपेक्षा थोडी कमी द्राक्षे लागतात. समजा शेतकऱ्याला किलोला ५० रुपये मिळाले, तर बाटलीत द्राक्षे साठ रुपयांच्या आतली. उरलेली किंमत कशाची? काच, बूच, वीज, पिंपे, व्याज, दुकानदाराचे कमिशन आणि कर. पिण्याचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क आणि व्हॅट लागतो, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. नाशिकची बाटली दुसऱ्या राज्यात विकायची म्हणजे जवळजवळ निर्यातच.

वाइनरीला द्राक्षे वर्षातून एकदाच, दोन-तीन महिन्यांत घ्यावी लागतात. विक्री मात्र वर्षभर चालते, आणि लाल वाइन तर पिंपात वर्ष-दीड वर्ष पडून राहते. म्हणजे पैसा आत्ता जातो आणि फार उशिरा परततो. अशा धंद्याला खेळते भांडवल मोठे लागते. विक्री थोडी जरी अडखळली तरी पहिला धक्का शेतकऱ्याच्या देयकाला बसतो.

शेतकऱ्याची अवस्था अधिक नाजूक. वेल लावल्यावर पहिली दोन वर्षे फक्त खर्च. तार, खांब, ठिबक, कलमे, मजुरी. तिसऱ्या वर्षापासून खरे उत्पन्न, आणि बाग पुढे बारा-पंधरा वर्षे चालते. थॉमसनच्या शेतकऱ्याला एका व्यापाऱ्याने फसवले तर तो दुसऱ्याकडे जाईल, नाहीतर बेदाणा करेल. वाइनच्या द्राक्षाला तो पर्याय नाही. बिया असलेला, जाड सालीचा मणी बाजारात कोणी घेत नाही. गिऱ्हाईक एकच, वाइनरी. म्हणून त्या शेतकऱ्याचा जीव करारात असतो. करार किती वर्षांचा, भाव कसा ठरणार, पैसे किती दिवसांत, गारपीट झाली किंवा ब्रिक्स कमी भरले तर काय, हे सगळे कागदावर हवे.

हे नुसते पुस्तकी बोलणे नाही. २००० नंतरच्या दशकात नाशिक जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांची लाट आली होती. २००८ मध्ये जगभर मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला. हॉटेले ओस पडली आणि वाइनची विक्री घसरली. टाक्या भरलेल्या होत्या, त्यामुळे नवी द्राक्षे घ्यायला कोणी तयार नव्हते. कित्येक लहान वाइनरी बंद पडल्या. शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या किंवा त्याच खोडावर खाण्याच्या जातीचे कलम केले. पुलियात वेल उपटणाऱ्याच्या हातात निदान अनुदान पडले होते, इथे बँकेचा हप्ता उभा होता. पीककर्जाच्या फायली हाताळलेल्या माणसाला त्या हप्त्याचे वजन कळते.

जे टिकले, त्यांत दोन गोष्टी समान दिसतात. शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार, आणि पाहुण्यांसाठी उघडे दार. पाहुणा आला की बाटली दुकानदाराच्या कमिशनशिवाय थेट विकली जाते, शिवाय जेवण, मुक्काम, फळे, बेदाणे यांचे उत्पन्न. तेव्हा आपण न पिता नुसते फिरलो, जेवलो आणि द्राक्षाचा रस किंवा बेदाणे घेऊन आलो, तरी त्या साखळीत आपला हातभार लागतो.

घरातले प्रश्न

ज्येष्ठांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. दारूने घरे कशी मोडतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा मोठा विरोध झाला आणि तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही. एका बाजूला शेतकऱ्याच्या मालाला बाजार, दुसऱ्या बाजूला बाटली घराघरात पोचण्याची भीती. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. "वाइन प्रकृतीला चांगली" हे ऐकीव वाक्य मात्र सोडून द्यावे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. मधुमेह, रक्तदाब, यकृताच्या गोळ्या चालू असतील त्यांनी तर मोहात पडू नये.

माझ्या मते कुटुंबाने आधीच घरी ठरवून निघावे. देवदर्शन आणि वाइनरी एकाच दिवशी नको. आजी-आजोबांना आधी नीट सांगावे, तिथे नेऊन धक्का देऊ नये. ज्यांना यायचे नाही त्यांनी नाशिकला पंचवटीत थांबावे, कोणी आग्रह करू नये. जे येतील त्यांना "थोडी चव तरी घ्या" म्हणू नये. मुलांना बाग आणि यंत्रे दाखवावीत, चव घेण्याच्या दालनात नेऊ नये.

नियमांचेही भान हवे:

• चव घेण्यासाठी वयाची अट असते आणि ओळखपत्र मागतात. ते सोबत ठेवा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालची परवान्याची पद्धत आजही आहे, त्याची चौकशी वाइनरीतच करावी.

• गाडी चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पण मर्यादा मोजत बसण्यापेक्षा चालक वेगळा ठेवणे बरे.

• बाटली घेऊन उज्जैनला येऊ नये. दुसऱ्या राज्यातले मद्य परवान्याशिवाय आणणे म्हणजे अडचण ओढवून घेणे. त्यातून १ एप्रिल २०२५ पासून आपल्या नगर निगमाच्या हद्दीत दारूची दुकाने आणि बार बंद आहेत. महाकालाच्या नगरीचा तो मान आपण राखायचा.

प्रवासाचा आराखडा

उज्जैनहून इंदूर, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवडमार्गे नाशिक सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे. पहाटे निघावे. चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आणि रेणुकामातेचे मंदिर पाहून घ्यावे. पुढे पिंपळगाव बसवंत लागते. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांचा हा मोठा बाजार. मोसम असेल तर इथे गाडी थांबवून द्राक्षे चाखावीत. खाण्याचे द्राक्ष आधी तोंडात असले की बागेतला वाइनचा मणी चाखताना फरक लगेच कळतो.

दुसरा दिवस रामकुंड, काळाराम मंदिर आणि त्र्यंबकेश्वरासाठी ठेवावा. तिसऱ्या दिवशी सकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला जावे. तिथल्या वाइनरी शहरापासून जवळ आहेत आणि एका फेरीत दोन सहज होतात. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची गर्दी असते, म्हणून मधला वार निवडावा. आधी फोन करून बाग दाखवतात का, मराठीत किंवा हिंदीत माहिती देतात का, मुलांना प्रवेश आहे का आणि शाकाहारी जेवण मिळते का, हे विचारून घ्यावे. दर बदलत असतात, तेही त्याच वेळी विचारावेत.

तिथे गेल्यावर माहिती देणाऱ्याला चार प्रश्न अवश्य विचारा. तुमची स्वतःची बाग किती आणि शेतकऱ्यांकडून द्राक्षे किती घेता? करार किती वर्षांचा असतो? तोडणीनंतर पैसे किती दिवसांत देता? यंदा पावसाने किंवा गारपिटीने किती नुकसान झाले? उत्तरे मोकळेपणाने मिळाली तर ती जागा चांगली समजावी. आपल्यामागे उभी असलेली मुलेही ते ऐकत असतात. द्राक्षाच्या घडामागे एक शेतकरी, एक कर्जखाते आणि पंधरा वर्षांचा भरवसा असतो, एवढे त्यांना समजले तर सहलीचा पेट्रोलखर्च वसूल झाला असे मी म्हणेन.